दोन सतरंज्यांची शाळा

या ब्लॉगवर एरवी किल्ले, घाट आणि खाणावळी असतात. या वेळी शाळा आहे. ज्यांना फक्त रस्ता, जेवण आणि राहण्याची सोय हवी आहे त्यांच्यासाठी तेही अधूनमधून लिहिलंय. पण मी वऱ्हाडात गेले ती एका शाळेसाठी, आणि ती शाळा वाचावी अशी माझी मनापासून इच्छा होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी तिऱ्हाईत होते असा कुणाचा तरी समज व्हायचा.

सुनंदाचा फोन फेब्रुवारीत आला. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या मधे एक लहानसं गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ती शिकवते. आमची ओळख पुण्यातल्या एका प्रशिक्षणातली. तिथे आम्हाला एकच खोली मिळाली होती आणि पहिल्याच दिवशी पंख्यावरून आमचं वाजलं. मला चालू हवा, तिला बंद. ती म्हणाली, "असं करू. पंखा बंद काहून पाहिजे ते तू सांग, चालू काहून पाहिजे ते मी सांगतो. ज्याले दुसऱ्याची बाजू चांगली सांगता येईन, त्याचं ऐकायचं." पंख्याचं काय ठरलं ते आठवत नाही, पण मैत्री मात्र कायमची ठरली.

"शनिवारी आमच्या शाळेचा ठराव हाये," ती फोनवर म्हणाली. "येऊन जाय."

"कसला ठराव?"

"बंद करायची का नाई, त्याचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पट कमी असलेल्या शाळा बंद करायच्या, मुलं जवळच्या मोठ्या गावातल्या शाळेत न्यायची, त्यासाठी गाडी द्यायची, अशी ही योजना. कागदावर तिला फार गोंडस नाव आहे. बंद करणे हा शब्द त्यात कुठेच नसतो, सक्षमीकरण असतं. सुनंदाच्या गावानं आपलं मत ठरावानं कळवायचं होतं. गावानं एकमुखानं नाही म्हटलं तर प्रकरण निदान काही वर्षं तरी लांबणार, असा आजूबाजूच्या गावांचा अनुभव होता. म्हणजे शनिवारची सभा हाच काय तो शेवटचा अडसर.

मी साताऱ्याला बी.एड. कॉलेजात शिकवते. विषय आहे शिक्षणाचं तत्त्वज्ञान. त्यात चिकित्सक विचारावर एक प्रकरण आहे. त्याची पाच वैशिष्ट्यं विद्यार्थी पाठ करतात, खाली पट्टीनं रेघ मारतात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात. ती पाचच का, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. सुनंदाच्या शाळेत मात्र पहिलीतलं पोर सगळ्यात आधी "काहून?", म्हणजे "का?", म्हणायला शिकतं, असं मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. ती शाळा बंद पडणार म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे रजा टाकली.

"येते," म्हटलं. "आणि बोलतेसुद्धा त्या सभेत."

"भाषण द्यायले येऊन राहिली असशीन तं नको येऊ," सुनंदा म्हणाली. "पाहायले ये."

पुण्याहून अमरावतीला रात्रीची गाडी आहे, ती सकाळी पोचवते. आरक्षण आधीच करा, ऐन वेळी मिळत नाही. स्टेशनातून बाहेर पडून मी गिलावडा शोधला. दह्या-चटणीत भिजलेला वडा, नाकातोंडातून पाणी काढणारा. गाडीवाल्यानं "तिखट चालते ना बाई?" असं विचारलं, मी कोल्हापूरकडची असल्याच्या तोऱ्यात हो म्हटलं आणि मग दोन ग्लास पाणी प्याले. अमरावतीत दिवस काढायचा असेल तर खुशाल काढा, शहर प्रशस्त आहे, रस्ते रुंद आहेत आणि माणसं रस्ता विचारला तर अर्ध्यापर्यंत सोबत येतात. मी मात्र सरळ एसटी स्टँड गाठला.

अंजनगावला परतवाड्यावरून जाणारी बस मिळाली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे खर्च अगदीच किरकोळ. खिडकी उजवीकडची धरा. परतवाड्याच्या अलीकडून सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते ती पुढे बराच वेळ साथ देते. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या शेतात वाळत उभ्या होत्या, मधेच संत्र्यांच्या बागा, आणि अंजनगावच्या आसपास केळी आणि पानपिंपरीचे, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचे, मळे. एका ठिकाणी छोट्या रेल्वेचे रूळ रस्त्याच्या बाजूनं गवतात शिरताना दिसले. माझ्या शेजारी पोतं मांडीशी धरून बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, गाडी चालते का अजून?

"नाई ना. बंद हाये."

"का हो?"

"मोठी येऊन राहिली म्हने."

"कधी?"

त्यांनी पोतं जरा जवळ ओढलं. "तुमी सरकारी हाये का?" म्हणाले. मी नाही म्हटलं. "मंग मी सांगतो तुमाले. छोटी बंद कराले तारीख असते. मोठी यायले नसते."

हे वाक्य मी सभेत वापरायचं ठरवून टाकलं.

सुनंदा अंजनगावात राहते. तिचे मिस्टर अकोल्याला नोकरीला असतात आणि सुट्टीला येतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. रात्री पातोडीची रस्सेदार भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. जेवताना शाळेचा विषय मी तीनदा काढला आणि तिनं तिन्ही वेळा भाजी वाढली.

शुक्रवारी सकाळी तिच्या स्कूटीवरून शाळेत गेलो. अकोट रस्त्यावर एक फाटा आहे, तिथून आत वळायचं. वाटेत एक नाला लागतो. तेव्हा तो कोरडा ठणठणीत होता, पण त्यावर पूल नाही. जी मोठी शाळा आहे ती या नाल्याच्या पलीकडच्या गावात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांना उद्या कुणी फोन करून छळायला नको.

शाळा म्हणजे दोन खोल्या, व्हरांडा, लिंबाचं झाड आणि चार इयत्तांना मिळून एक सुनंदा. दुसरे गुरुजी होते, त्यांची बदली झाली आणि जागा तशीच राहिली. गावातली निम्मी मुलं व्हॅननं अंजनगावच्या इंग्रजी शाळेत जातात. पट घटला म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पट घटला, आणि आता पट घटला म्हणून शाळा नाही. हा हिशोब कुणी मांडला आणि कुणाच्या सोयीचा आहे, हे विचारायला चिकित्सक विचाराची पाचही वैशिष्ट्यं लागत नाहीत. एक पुरतं.

त्या सकाळी सुनंदानं मला पलटी दाखवली. पलटी हा तिच्या शाळेचा रिवाज. एरवी ती शनिवारी असते, माझ्यासाठी एक दिवस आधी झाली. व्हरांड्यात दोन सतरंज्या समोरासमोर टाकतात, एक लाल, एक निळी, दोन्ही अकोटच्या. एक प्रश्न ठरतो. निम्मी मुलं एका बाजूनं बोलतात, निम्मी दुसऱ्या. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि समोरचा "हाव, हेच म्हनलं मी" असं कबूल होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग मॅडम टाळी वाजवतात. सगळे उठतात, सतरंज्या बदलतात, आणि ज्या बाजूशी आत्तापर्यंत भांडले त्या बाजूनं भांडायला लागतात. मॅडमनं सांगितलं म्हणून, हे कारण चालत नाही. बापानं सांगितलं म्हणून, हेही नाही.

त्या दिवशीचा प्रश्न होता, खिचडीच्या वेळी मांजराला वर्गात येऊ द्यावं का. तुम्ही हसाल. मी त्या पोरांच्या तोंडून हक्क, सवय, घाण, दया आणि उंदीर यांवर जे ऐकलं ते आमच्या कॉलेजच्या परिसंवादात ऐकलेलं नाही. सगळ्यात तयार होती पायल. तिसरीतली, बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या. तिच्या घरी झेंडू आणि भाजीपाला पिकवतात आणि तिची आई तो अंजनगावच्या बाजारात विकते. भाव करण्याचं कसब पोरीत आईकडून आलं असावं. दुसऱ्या सतरंजीवर तिच्या तोलाचं कुणी नव्हतं म्हणून सुनंदा स्वतः तिथे मांडी घालून बसली. पायलनं तिला दोनदा अडकवलं. तिसऱ्यांदा सुनंदा डोकं खाजवत म्हणाली, "हरली बाई मी," आणि पोरांनी व्हरांडा डोक्यावर घेतला. मीही टाळ्या वाजवल्या. पायल मात्र फारशी हसली नाही, हे मला दिसलं, पण मोठी माणसं असलं बघून सोडून देतात.

शनिवारी सभेला शाळेचं अंगण भरलं. सरपंचताई आल्या. केंद्रप्रमुख आले, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण साहेब साधे निघाले. मोटरसायकलवरून धुळीनं माखून आलेले, आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं. त्यांनी योजना वाचून दाखवली. मोठ्या शाळेत वर्गाला एक शिक्षक, प्रयोगाचं साहित्य, खेळायला मैदान, न्यायला गाडी. मग म्हणाले, "बोला. तुमचं मत मी जसंच्या तसं वर पाठवतो."

लोक बोलायला लागले. गावातले जुने शेतकरी वामनराव काठी आपटत म्हणाले, "आमच्या बापानं अंगमेहनतीनं या शायेच्या भिती बांधल्या. शाया गेली का गावात राह्यलं काय? मंदिर आन पानटपरी." कुणीतरी म्हणालं, मोठ्या शाळेत इंग्रजी चांगलं आहे. दुसऱ्यानं त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं, व्हॅनवाल्यानं का?

मग शमीमबी उठल्या. त्यांची अलिना पहिलीत आहे. घर शाळेच्या भिंतीला लागून. मिस्टर टेम्पो चालवतात. अलिना त्यांच्या मांडीवर पेंगत होती, तिला खांद्यावर टाकून त्या उभ्या राहिल्या. "साब, गाडी की बात मत करो. मेरे घर में गाडीवालाच है. मेरेकू मालूम है, दस की जगा कितने बिठाते. आन पावसायात नाल्याले पानी आलं तं गाडी उधरच रुकती. मेरी बच्ची उस पार, मैं इस पार." त्या मराठीत सुरू करायच्या आणि राग आला की हिंदीत जायच्या, आणि दोन्ही भाषांत खऱ्या होत्या. "पूल बनाव पहले. फिर शाळा बंद करो. मी सवता सही करतो."

बायकांमधे कुजबूज झाली. हवा फिरत होती, आमच्या बाजूनं. साहेबांनी वहीतून डोकं वर काढून पोरांकडे पाहिलं आणि मायेनं विचारलं, "काय बाळांनो, तुम्हाला तुमची शाळा आवडते ना?"

"होऽऽ!"

तेवढ्यात पायल उभी राहिली. "सर, असं नाई इचारत," ती म्हणाली. "पलटी करा लागते."

अंगण हसलं. गावाला पलटी ठाऊक होती, पण दरवर्षीच्या स्नेहसंमेलनातली. तिथे वेळ कमी म्हणून पहिला अर्धाच भाग व्हायचा, टाळ्या पडायच्या आणि नाच सुरू व्हायचे. लोकांच्या लेखी ती भाषणांची स्पर्धा होती. पोरं आता शाळेच्या बाजूनं झकास बोलतील आणि ठराव आपसूक होईल, असं सगळ्यांनाच वाटलं. सरपंचताई म्हणाल्या, "टाका मंग सतरंज्या. साहेबालेबी पाहू द्या." मी खूश होते. सुनंदाचा चेहरा मी पाहिलाच नाही.

पहिल्या फेरीत पोरांनी रडवलं. दुसरीतला एक जण म्हणाला, इथे मी पडलो तर मायला खिडकीतून दिसते. एक पोरगी म्हणाली, तिथल्या बाई आमची नावं पाठ करतील तोवर दिवाळी येईल. समोर, मोठ्या शाळेच्या बाजूला, दोन-तीन लहान पोरं आणि त्यांची संख्या भरून काढायला सुनंदा. तिच्या बाजूला काही दमच नव्हता. पायल आमच्या बाजूनं बोलली तेव्हा वामनरावांनी डोळे पुसले. साहेब पेनाचं टोपण लावून बसले. सभा जिंकल्यातच जमा होती.

आता टाळी वाजवायची ती सुनंदानं. ती उठली आणि तिनं दोन्ही सतरंज्यांकडे पाहिलं. मी समोरच होते. मी तिला मानेनं नको म्हटलं. मी चिकित्सक विचार शिकवणारी बाई, आणि मी तिला मानेनं नको म्हटलं.

सुनंदानं टाळी वाजवली.

पोरं उठली आणि सतरंज्या बदलल्या. नेहमीचंच होतं त्यांना. गावाला मात्र काय चाललंय ते कळेना. पायल आता मोठ्या शाळेच्या बाजूला बसली होती, आणि सुनंदा तिच्यासमोर, आपल्या स्वतःच्या शाळेच्या बाजूला.

"तिसरीत मी एकटीच आहो, चौथीत तं यंदा कोनीच नाई," पायल म्हणाली. मोठ्यानं नाही, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं. "दुसरीत होती तवाबी एकटीच होती. माह्याशी वाद घालायले कोनी नाई. म्हनून मॅडम बसते. मॅडमले सारं येते. पन मॅडम मुद्दाम हरते. मले समजते ते."

तिनं नाल्याच्या दिशेनं बोट केलं.

"त्या शाळेत तिसरीत बम पोट्टे हायेत. त्यातलं कोनी माह्यापेक्षा हुशार असन. मले एकदा खरं खरं हरायचं हाये."

नियमाप्रमाणे आता सुनंदानं ते आपल्या तोंडानं सांगायचं होतं. तिनं सांगितलं. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, एकेक शब्द जागेवर ठेवून. "तुहं म्हननं असं हाये, का मी तुले इतकी वर्षं जिंकवत आली. आन जिंकून जिंकून तुले समजेनाच का तुले किती येते. ते समजायले तुह्या बरोबरीचं कोनी पाहिजे, आन ते मी होऊ शकत नाई. बराबर?"

"हाव मॅडम. हेच म्हनलं मी."

आता उत्तर. आम्ही सगळे वाट बघत होतो. सुनंदाला उत्तर देता आलं असतं. मला चार सुचत होती. त्या पोरीला गप्प करायला एकही पुरेसं झालं असतं, नऊ वर्षांचं पोर ते. सुनंदानं सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढला आणि म्हणाली, "याचं उत्तर मायाजवळ नाई."

त्यानंतर सभा खूप वेळ चालली, पण ती संपलेली होती. पायलची आई पदर तोंडाला लावून बसली होती. शेवटी वामनरावच म्हणाले, "पोट्टी खोटं नाई बोलून राहिली." ठराव झाला तो असा, की गावाची हरकत नाही, मात्र पावसाळ्याआधी पूल व्हावा आणि गाडी दारापर्यंत यावी. साहेबांनी दोन्ही अटी लिहून घेतल्या. शमीमबींनी हात वर केला नाही. त्या अलिनाला खांद्यावर घेऊन निघून गेल्या.

मी माझं भाषण केलंच नाही. छोट्या रेल्वेचं ते वाक्यही तसंच राहिलं.

रविवारी सुनंदा मला अकोटपर्यंत सोडायला आली. अकोट बाजारात सतरंज्यांची दुकानं अजून आहेत, घेणार असाल तर हातमागाची मागा, वजनावरून कळते. आम्ही काही घेतलं नाही. स्टँडजवळ चहा घेतला आणि तिथे माझा बांध फुटला.

"टाळी वाजवली नसतीस तर काय बिघडलं असतं? पहिल्या फेरीवर थांबवायचं होतं. संमेलनात थांबवतेसच की."

"संमेलनात कोनी काई ठरवत नाई," ती म्हणाली.

"शाळा गेली, सुनंदा."

"हाव. गेली." तिनं चहा संपवला. "अन टाळी नसती वाजवली तं राह्यली असती. पोट्ट्यांले समजलं असतं, का मॅडमच्या फायद्याची गोष्ट असली का पलटी अर्धीच करायची. मंग राहून काय केलं असतं त्या शाळेनं?"

"आणि तुझं काय? तुला त्यांच्याबरोबर पाठवणार आहेत थोडंच?"

"जिथं जागा रिकामी असन तिथं." मग माझ्याकडे न बघता, "तिनं सांगतलं ते खरं होतं. मुद्दाम हरत होती मी. मले वाटे, पोरीले हिंमत येईन. मले दुसरं कोनी नव्हतं ना तिच्यासमोर बसवाले."

ती रडली. भर स्टँडवर, चहाचा ग्लास हातात धरून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याशी वाद घातला नाही.

अकोट ते अकोला बस भरपूर आहेत, उभ्यानं जायची तयारी ठेवा. हा सगळा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. पिण्याची बाटली सोबत असू द्या. अकोल्याला गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनबाहेर आलूबोंडा घेतला आणि तो तसाच हातात राहिला. परतीच्या प्रवासात मी एकच गोष्ट घोळवत होते. विचार करणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे असं आमची पुस्तकं धरून चालतात. पण एकट्या माणसाला आपला विचार चुकतोय हे सांगणार कोण? पायलला ते पुस्तकाशिवाय कळलं होतं. आणि ते खरं असूनही, एका शिक्षकावर चार इयत्ता टाकून आधी पोरीला एकटं कुणी पाडलं, हा प्रश्न कुठल्याच ठरावात आला नाही. ज्यांनी शाळा वाळवली त्यांनीच शेवटी ती वाळली म्हणून दाखवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यामुळे मला अजून चीड येते.

जुलैत सुनंदाचा फोन आला. तिची बदली अकोटच्या पलीकडे झाली आहे. गाडी सुरू झाली, दारापर्यंत नाही, फाट्यापर्यंत येते. पूल मंजूर आहे.

"पायल हरली," ती म्हणाली. "तिच्या वर्गात कोनी पोरगा हाये, त्यानं हरवली म्हने तिले. चांद्रयानाच्या कशावरून तरी. रडत रडत घरी आली आन मायले म्हने, उद्या पाह्यतो त्याले." तिचा आवाज असा होता की मला ती हसतेय की काय करतेय तेच कळेना.

"आणि अलिना?"

"घरीच हाये. पूल झाला का पाठवू म्हनते शमीमबी."

हा लेख लिहिताना मी त्या शाळेचा नियम पाळायचं ठरवलं. आपलं म्हणण्याआधी समोरच्याचं म्हणायचं, आणि समोरचा हो म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. केंद्रप्रमुखांची बाजू त्यांना फोनवर वाचून दाखवली. "हो, असंच आहे," म्हणाले. सुनंदा हो म्हणाली. पायलच्या आईनं पायलला विचारून हो सांगितलं. मग सुनंदाकडून शमीमबींचा नंबर घेतला आणि त्यांना सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. पलीकडे अलिना काहीतरी मोठमोठ्यानं म्हणत होती, पाढे असावेत.

"बराबर लिखा बाई," त्या म्हणाल्या. "साब की बाजू लिखी, मॅडम की लिखी, उस पोरी की भी लिखी. सब सही है. पन मले एक सांगा. तुमी सगळे सही असून मेरी लडकी घर में कायको बैठी है?"

विचार करून सांगते, म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.